फेरारी, आजोबा आणि आमचा मुलगा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित स्वरूप)



आज मी तुमच्याशी एका सिनेमाबद्दल बोलणार आहे. सिनेमा हिंदी, त्यातलं कुटुंब मुंबईचं पारशी, दिग्दर्शक मात्र आपल्या कोकणातला, श्रीवर्धनचा. नाव ‘फेरारी की सवारी’. १५ जून २०१२ रोजी तो प्रदर्शित झाला. मी काही सिनेमाचा जाणकार नव्हे. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. पण या सिनेमानं आमच्या घरात एक जुना विषय पुन्हा काढला, आणि तो मिटवलाही. म्हणून बोलावंसं वाटतं.

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट थोडक्यात सांगतो. रुसी हा वरळीच्या आरटीओ कचेरीतला हेडक्लार्क. बायको हयात नाही. घरात म्हातारे वडील बेहराम, ज्यांना सगळे मोटापप्पा म्हणतात, आणि शाळकरी मुलगा कायो. कायो क्रिकेट उत्तम खेळतो, सचिन तेंडुलकर त्याचं दैवत. लंडनच्या लॉर्ड्सवर मुलांसाठी प्रशिक्षण शिबिर ठरतं. कायोला संधी आहे, पण खर्च दीड लाख रुपये. रुसीकडे तेवढे पैसे नाहीत आणि कर्जही मिळत नाही. अशात लग्नसमारंभ जुळवून देणारी एक बाई त्याला गाठते. एका पुढाऱ्याच्या मुलाला वरातीसाठी फेरारी गाडी हवी आहे. ती आणून दिलीस तर दीड लाख मिळतील. आणि फेरारी आहे ती थेट सचिनच्या दारात. रुसी मागायला म्हणून जातो, गैरसमजातून किल्ली हातात येते, आणि आयुष्यात कधी कुणाची टाचणी न उचललेला माणूस ती गाडी घेऊन निघतो. पुढे सगळी धावपळ.

शर्मन जोशीनं रुसी केला आहे, बोमन इराणींनी मोटापप्पा आणि ऋत्विक सहोरे या मुलानं कायो. बोमन इराणी त्या वेळी पन्नाशी नुकतीच ओलांडलेले होते. पण खुर्चीत बसून टीव्हीकडे बघत कुरकुरणारा तो म्हातारा त्यांनी असा उभा केला, की आमच्या घरातलंच कुणीतरी पडद्यावर आहे असं मला वाटलं. दिग्दर्शक राजेश मापुसकर. राजकुमार हिरानींच्या हाताखाली ‘लगे रहो मुन्नाभाई’ आणि ‘थ्री इडियट्स’ या सिनेमांवर काम केल्यानंतर त्यांनी स्वतंत्रपणे केलेला हा पहिला सिनेमा. निर्माते विधू विनोद चोप्रा.

आता ही फेरारी काही लेखकाच्या डोक्यातून निघालेली नाही. सचिननं ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाट कंपनीनं त्याला फेरारी ३६० मॉडेना भेट दिली. २००२ साली इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते ती देण्यात आली. मग ती भारतात आणताना आयात शुल्काचा प्रश्न आला. सरकारनं शुल्क माफ केलं, त्यावरून बरीच ओरड झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि अखेर कंपनीनंच शुल्क भरलं. २०११ मध्ये सचिननं ती गाडी विकलीसुद्धा. म्हणजे सिनेमा लागला तेव्हा खरी गाडी सुरतेला एका व्यापाऱ्याकडे होती.

हे सांगण्याचं कारण असं, की सिनेमाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे. रुसीच्या हातून चुकून लाल सिग्नल तोडला जातो. कुणी पाहिलेलं नसतं. तरी हा गृहस्थ पोराला घेऊन पोलीस शोधत फिरतो आणि दंड भरतो. आमच्याकडे थिएटरात या प्रसंगाला लोक खदाखदा हसले. मला मात्र त्या शुल्काची आठवण झाली. मोठ्यांसाठी सरकार नियम सैल करतं आणि लहान माणूस दंड भरायला पोलिसाच्या मागे धावतो. सिनेमा हे कुठेही बोलून दाखवत नाही, पण वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला ते दिसतं.

दुसरी एक गोष्ट पारशी घराबद्दल. पुष्कळांना वाटलं, सिनेमात गंमत यावी म्हणून पारशी कुटुंब घेतलं. मला तसं वाटत नाही. या देशात क्रिकेट पहिल्यांदा जवळ केलं ते पारशांनी. १८४८ साली मुंबईत त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. १८८६ आणि १८८८ साली त्यांचे संघ बोटीनं इंग्लंडला जाऊन खेळले. पुढे रुसी मोदी, पॉली उम्रीगर, नरी कॉन्ट्रॅक्टर, रुसी सुरती, फारूख इंजिनियर अशी किती नावं. इंजिनियर जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवर शेवटची कसोटी खेळले, आणि त्यानंतर पुरुषांच्या भारतीय कसोटी संघात पारशी खेळाडू आलेला नाही. सिनेमातला बेहरामही साधारण त्याच काळातला. भारताच्या संघात जाण्याच्या उंबरठ्यावर असताना त्याच्या मित्रानं, दिलीप धर्माधिकारीनं, डाव साधला आणि बेहराम कायमचा बाहेर राहिला. धर्माधिकारीची ती छोटीशी भूमिका परेश रावळ यांची आहे. तेव्हापासून बेहराम खुर्चीत बसला तो बसलाच. नातवाच्या खेळण्याचा त्याला राग आहे. कारण खेळानं काय दिलं हे त्याला ठाऊक आहे.

योग्यता असून डावललं जाणं ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. पालवणकर बाळू हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकलं असेल. आडनाव आपल्या रत्नागिरीकडच्या पालवण गावाचं. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानं शंभरावर बळी घेतले. तरी दलित म्हणून त्यांना हिंदू संघाचं कर्णधारपद कधी मिळालं नाही. ते मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना, १९२३ साली. तेव्हा मोटापप्पाचं दुःख सिनेमातलं म्हणून सोडून देता येत नाही.

आता लोकांनी हा सिनेमा कसा घेतला ते सांगतो. समीक्षकांनी बोमन इराणींचं आणि त्या मुलाचं कौतुक केलं, मात्र उत्तरार्ध लांबला अशी तक्रार केली. ती खरी आहे. पुढाऱ्याच्या मुलाची वरात, त्याचे हट्ट, गाडीचा शोध घेत फिरणारी सचिनच्या घरची दोन माणसं, हे सगळं ताणलेलं आहे. विद्या बालन नऊवारीत लावणी नाचून जाते, ती बघायला छान वाटते, पण तिच्यावाचून कथेचं काही अडलं नसतं. ‘थ्री इडियट्स’सारखी गर्दी या सिनेमाला झाली नाही.

आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यावर मात्र वेगळाच वाद रंगला. आमचे एक मित्र म्हणाले, “अहो, सिग्नल तोडल्याचा दंड स्वतःहून भरणारा माणूस दुसऱ्याची गाडी घेऊन जाईल? आणि गेला तर ती चोरीच. चांगल्या माणसानं केली म्हणून चोरीची उसनवारी होत नाही.” दुसरे म्हणाले, “पोरासाठी बाप काय वाटेल ते करतो.” यावर पहिल्यांनी विचारलं, “मग लाच खाणारा दुसरं काय म्हणतो? पोराबाळांसाठीच खातो ना?”

या प्रश्नाला कट्ट्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. मला विचाराल तर सिनेमाकडेही नाही. रुसी इतका भला दाखवला आहे, की आपण त्याला शिक्षा व्हावी असं म्हणतच नाही, आणि लेखक त्याचा फायदा घेतो. आणखी एक गोष्ट. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या गुणाला दीड लाखाची पावती का लागावी, हा प्रश्न सिनेमानं विचारायला हवा होता. तो न विचारता एका कुटुंबाच्या धावपळीत सगळं मिटवलं. हे दोष आहेत, आणि ते दोष असूनही हा सिनेमा मला जवळचा वाटतो. त्याचं कारण आता सांगतो.

क्रिकेटवरचे आपले बहुतेक सिनेमे शेवटच्या सामन्याकडे धावतात. २००१ चा ‘लगान’ घ्या. शेवटचा चेंडू, सगळ्यांचा श्वास रोखलेला. २००५ चा नागेश कुकुनूर यांचा ‘इक्बाल’ घ्या. श्रेयस तळपदेनं केलेला तो मूकबधिर मुलगा, त्याच्या खेळण्याला विरोध करणारा शेतकरी बाप, त्याला साथ देणारी धाकटी बहीण आणि दारूत बुडालेला प्रशिक्षक नसीरुद्दीन शाह. तोही फार सुंदर सिनेमा, आणि त्यातही शेवट मैदानावर. ‘फेरारी’मध्ये मोठा सामना असा नाहीच. त्यातलं क्रिकेट घरातलं आहे. बाप मुलाचा खेळ बघतो, आजोबा बघायचं टाळतो, आणि एके दिवशी आजोबा उठून नातवाला स्वतः चेंडू टाकतो. माझ्या मते सगळा सिनेमा त्या प्रसंगासाठी आहे.

आता आमच्या घरची गोष्ट.

आमचा मुलगा २००३ साली चौदा वर्षांचा होता. त्या वर्षीच्या विश्वचषकात सचिननं पाकिस्तानविरुद्ध केलेले ९८ तुम्हाला आठवत असतील. मुलगा डावखुरा फिरकी गोलंदाज. आपल्याकडची मुलं क्रिकेट कुठे आणि कशी शिकतात ते तुम्हाला ठाऊक आहे. माडाच्या झावळीच्या देठाची बॅट, कातळावरची खेळपट्टी, चेंडू करवंदीच्या जाळीत गेला की अर्धा तास शोधाशोध. भात कापून झालं की शेतात स्टंप रोवायचे. मे महिन्यात चाकरमानी आले की वाडी विरुद्ध वाडी सामने, झाडाला बांधलेला कर्णा आणि त्यावरून धावतं समालोचन. या सगळ्यातून तो तयार झाला आणि पुढे मारुती मंदिरच्या शिवाजी स्टेडियमवर लेदरच्या चेंडूनं खेळू लागला.

त्याच्या शिक्षकांनी एकदा मला बोलावून घेतलं. म्हणाले, “मुलाच्या मनगटात काहीतरी आहे. मे महिन्यात पुण्याला शिबिर आहे, त्याला पाठवा.” इथे एक सांगायला हवं. आपली नाती सगळी मुंबईशी, पण क्रिकेटच्या कारभारात रत्नागिरी जिल्हा मुंबईत नाही, महाराष्ट्र संघटनेत आहे. म्हणजे इथल्या पोराला पुढे जायचं तर वाट पुण्याची. मुंबईला प्रत्येकाचा कुणीतरी काका-मामा असतो, पुण्याला आमचं कुणीच नव्हतं. शिबिराची फी, राहणं, जेवण, सामान मिळून बारा हजारांचा खर्च होता.

श्रोतेहो, रुसीकडे पैसे नव्हते. माझ्याकडे होते. घराची कौलं काढून स्लॅब घालायचा म्हणून ठेवलेले होते, पण होते. मी मुलाला सांगितलं, “दहावी जवळ आली. आता अभ्यास.” तो काही बोलला नाही. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, पडवीत खुर्चीत बसलेले होते. ते म्हणाले, “क्रिकेटनं कुणाचं पोट भरलंय?” मला तेवढा आधार पुरला.

दादा स्वतः तरुणपणी वेगवान गोलंदाज होते, हे मला आत्यानं सांगितलं होतं. त्यांच्या वडिलांनी त्यांना एका सामन्याहून परत आल्यावर उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं, म्हणे. त्यानंतर त्यांनी चेंडू हातात धरला नाही. या विषयावर ते कधी बोललेही नाहीत. टीव्हीवर सामना असला की मात्र समोरून हलायचे नाहीत, आणि प्रत्येक गोलंदाजाला नावं ठेवायचे.

मुलगा शिकला, नोकरीला लागला, पुण्यालाच. जून २०१२ मध्ये चार दिवस रजेवर आला होता. बाहेर धो धो पाऊस. त्यानंच तिकिटं काढली आणि म्हणाला, “चला, आजोबा पण चला.” दादा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. बरीच वर्षं थिएटरात गेले नव्हते. पण गाडीचं नाव सचिनच्या गाडीचं, म्हणून आले.

बोमन इराणी नातवाला चेंडू टाकतो त्या प्रसंगात मी सहज शेजारी बघितलं. दादांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर होता आणि दोन बोटं शिवणीवर धरल्यासारखी ताठ होती. मी मान फिरवली.

सिनेमा सुटल्यावर पाऊस कमी होईपर्यंत आम्ही समोर चहा प्यायला थांबलो. दादा बराच वेळ गप्प होते. मग नातवाला म्हणाले, “तुला एकदा तरी मी चेंडू टाकायला हवा होता रे.” नातू हसला. म्हणाला, “आजोबा, मी तरी कुठे फलंदाज होतो? मी तुम्हाला टाकला असता.” दादाही हसले.

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी म्हटलं, “तेव्हा मी तुला पुण्याला पाठवायला हवं होतं. पैसे होते माझ्याकडे.”

त्याचं उत्तर मी आजवर विसरलेलो नाही. तो म्हणाला, “बाबा, पैशाचं काही नाही. मी काही भारतासाठी खेळलो नसतो, ते मला तेव्हाही कळत होतं. पण नाही म्हणायच्या आधी तुम्ही एकदा माझा खेळ बघायला यायला हवं होतं. आपल्या घरापासून स्टेडियम पंधरा मिनिटांवर होतं. तुम्ही एकदाही आला नाहीत.”

खरं होतं ते. शिक्षक सांगत होते मनगटात काहीतरी आहे, आणि ते मनगट मी पाहिलेलंच नव्हतं. न बघताच मी निकाल दिला होता. माझ्या वडिलांना त्यांच्या वडिलांनी असंच घरी बसवलं, आणि मीही तेच केलं, फक्त उंबऱ्याबाहेर उभं न करता, अभ्यासाचं नाव पुढे करून.

त्या सिनेमातल्या रुसीचं मोठेपण गाडी आणण्यात नाही. ती तर त्याची चूकच आहे. त्याचं मोठेपण हे, की तो मुलाचा खेळ बघतो. पोराची काय ताकद आहे हे बापाला ठाऊक आहे, म्हणून तो दारोदार फिरतो. आमचे मित्र कट्ट्यावर म्हणाले, ते बरोबरच होतं. पोरासाठी काहीही करणं म्हणजे प्रेम नव्हे. पण पोर काय करतं हे बघायला जाणं, एवढं तरी प्रत्येक बापाला जमण्यासारखं आहे. त्याला ना दीड लाख लागतात, ना फेरारी.

राजेश मापुसकरांनी पुढे २०१६ साली ‘व्हेंटिलेटर’ हा मराठी सिनेमा केला. त्यासाठी त्यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात गणपती तोंडावर आलेले आणि घरातला वडीलधारा माणूस रुग्णालयात अत्यवस्थ, आणि त्याच्याभोवती जमलेलं कोकणातलं मोठं गोतावळ्याचं घर. विशेष म्हणजे ‘लगान’चे दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर त्यात नट म्हणून आहेत. तिथेही गाभ्याला बाप आणि मुलगाच आहेत, आणि वेळेवर न बोललेल्या गोष्टी आहेत. मला वाटतं, ‘फेरारी’तलं पारशी घरही या कोकणी माणसानं आपल्याच पडवीतून पाहिलेलं आहे.

दादा २०१६ च्या पावसाळ्यात गेले. त्याआधी चार वर्षं, मुलगा घरी आला की दोघांचा एक कार्यक्रम ठरलेला असे. अंगणात प्लॅस्टिकचा चेंडू, दादा खुर्चीत बसून हात फिरवणार आणि नातू समोरून झेलणार. दादा चेंडू टाकताना अजून मनगट कसं वळवायचं ते सांगत. हे सगळं त्यांना वयाच्या अठ्ठ्याहत्तरीत सुचलं, हे मला चांगलं वाटतं आणि वाईटही वाटतं.

मी आता निवृत्त आहे. रविवारी सकाळी स्टेडियमवर जाऊन बसतो. मुलं खेळत असतात, अलीकडे मुलीही चांगल्या संख्येनं असतात. कडेला काही आया आणि थोडे बाप उभे असतात. पुष्कळ मुलांचं कुणी आलेलं नसतं. चांगला चेंडू पडला की मी कडेवरून “शाब्बास” म्हणतो. ती मुलं मला ओळखत नाहीत, तरी वळून बघतात.

तर श्रोतेहो, तुमच्या घरात कुणी खेळणारं असेल, गाणारं असेल, चित्रं काढणारं असेल, तर त्याला पाठवायचं की नाही ते तुमच्या ऐपतीप्रमाणे ठरवा. कधी नाही म्हणावं लागतं, त्यात पाप नाही. फक्त आधी एकदा जाऊन बघा.

नमस्कार.